येवा म्हणणाऱ्यांनी जायचं कुठं?

शुक्रवारी रात्री नऊनंतर नांदगाव तिठ्यावर चहाच्या टपरीशी उभं राहिलं की सुट्टी कोणाकोणाला लागली ते गाड्यांच्या नंबरप्लेटवरून कळतं. पुण्याची बारा, पिंपरीची चौदा, ठाण्याची चार, घाट उतरून आलेली कोल्हापूरची नऊ, अधूनमधून बेळगावची केए बावीस. महामार्ग सोडून त्या देवगडच्या रस्त्याला वळतात. वळण्याआधी एखादी थांबते, काच खाली येते. "काका, कुणकेश्वरला हाच रस्ता ना?" मागे एकदा असाच एक तरुण खाली उतरला, चहा घेतला, आळोखेपिळोखे दिले आणि म्हणाला, "तुमची मजा आहे काका. रोज समुद्र!"

मी मनातल्या मनात हिशेब केला. त्या वर्षात मी समुद्र तीनदा पाहिला होता. एकदा देवगडला मयताला गेलो तेव्हा, एकदा जामसंड्याला आंब्याच्या पेट्यांचे राहिलेले पैसे आणायला गेलो तेव्हा, आणि एकदा मुंबईचे पाहुणे घेऊन. तिन्ही वेळा पायातल्या चपला काढल्या नव्हत्या.

नांदगाव कणकवली तालुक्यात. देवगड चाळीसेक किलोमीटर, मालवण पन्नासच्या पुढं. देवगडाहून निघालेला रस्ता आमच्या तिठ्यावर महामार्ग ओलांडतो, फोंड्याला जातो, घाट चढून दाजीपूर-राधानगरीवरून निपाणीला पोचतो. म्हणजे आम्ही घाट आणि समुद्र यांच्या बरोबर मधे. तरी बाहेरच्याच्या डोक्यात सिंधुदुर्ग म्हणजे सगळा किनारा, आणि किनारा म्हणजे सगळी सुट्टी. १९९७ साली हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून "येवा, कोकण आपलाच आसा" ही हाक पाट्यांवर, कॅलेंडरांवर, हॉटेलांच्या भिंतींवर आहे. ती हाक मारणाऱ्यांनी स्वतः कधी, कुठं आणि कसं मोकळं व्हायचं, हा प्रश्न मात्र कुठल्या आराखड्यात आलेला मी वाचला नाही. म्हणून हा आढावा.

आधी रविवाराचं बघू. रविवार आमच्या गावात उगवलेला नाही, तो मुंबईहून आला. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवार कबूल केला. त्या गिरण्यांत भरणा होता तो तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा. आमचा सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये, तोवर आम्ही रत्नागिरीतच. गिरणगावातल्या खोलीत राहणारा माणूस मनीऑर्डरबरोबर रविवार हा शब्दही गावी पाठवत होता. पत्रात लिहायचा, "रविवारी पंचमंडळी बसली होती, रविवारी भजन झालं." गावाला मात्र रविवारचा काही उपयोग नव्हता. भाताची लावणी रविवारी थांबत नाही, म्हशीला रविवार नसतो, आणि समुद्र उधाण आणि भांग यांच्या हिशेबानं चालतो. त्याच्या पंधरवड्यात साताचा आकडा कुठं बसत नाही.

इंग्लंडात लँकाशरच्या कापड गिरण्या उन्हाळ्यात एक आठवडा बंद व्हायच्या आणि गावंच्या गावं रेल्वेनं ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर जायची. समुद्रकाठची सुट्टी हा प्रकार त्या गिरण्यांनी रुळवला. आमच्या गिरणी कामगारालाही रजा मिळत होती, आणि तोही समुद्राच्या मुलखातच यायचा. पण तो येऊन वाळूत पडला नाही. तो आला आणि घराची कौलं परतली, गडगा घातला, आंबे उतरवले, बहिणीचं लग्न लावलं, गणपती आणला. चाकरमान्याची सुट्टी म्हणजे जागा बदलून केलेलं काम. आणि तो घरी असेपर्यंत गावातल्यांचीही सुट्टी नसायची, कारण पंधरा माणसांचा भात चुलीवर. आज पर्यटकाला जे करतो त्याची सवय आम्हाला चाकरमान्यानं लावली. फरक इतकाच की त्याच्याकडून पैसे घ्यायचे नसत.

गावात आज रविवार कोणाचा? शिक्षकांचा, बँकेतल्यांचा, ग्रामपंचायतीतल्या कर्मचाऱ्यांचा. राज्य सरकारनं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केल्यावर तालुक्याच्या कचेऱ्यांना शनिवारही मिळाला. दुकानदार, रिक्षावाला, महामार्गावरचा हॉटेलवाला, बागेत राखण करणारा, मच्छी विकणारी यांना तो कधीच नव्हता. आणि किनाऱ्यावर जिथं नव्हता तिथं तो उलटा झाला. निवास-न्याहारीची पाटी लावलेल्या घरात शनिवार-रविवार हे सर्वात कामाचे दोन दिवस. जोडून सुट्टी आली की घरातली माणसं पडवीत झोपतात आणि खोल्या पाहुण्यांना. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांत आधी रविवार आलाच नाही, आणि आला तो दुसऱ्याची सुट्टी बनून.

मग इथली माणसं कधी मोकळी झालीच नाहीत का? झाली, आणि शहरातल्यांपेक्षा जास्त झाली असं माझं मत आहे. फक्त त्यांचं मोकळं होणं वारावर नव्हतं, निमित्तावर होतं. आमच्याकडे नुसतं बसलेल्या माणसाला रस्त्यानं जाणारा विचारतो, "काय, काम नाय?" या प्रश्नाला उत्तर लागतं. देव, बाजार, मयत, पाहुणे, मासे यांपैकी एक निमित्त हातात असलं की मग दिवसभर गजाली मारल्या तरी कोणी बोलत नाही. मंगळवारचा कणकवलीचा बाजार घ्या. दोन किलो कांदे आणि सुकी मासळी आणायला सकाळी गेलेला माणूस दुपारच्या गाडीनं परततो. कांदे घ्यायला अर्धा तास पुरतो. उरलेले चार तास म्हणजे त्याची आठवड्याची सुट्टी. कुडाळचा बुधवार, आमचा मंगळवार, वार वेगळे, काम तेच.

या निमित्तांचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. पहिले दोन-चार पाऊस चांगले लागले की व्हाळ भरतात आणि मासे उलट्या पाण्यानं वर चढायला लागतात. चढणीचे मासे. कोणीतरी रात्री दहाला खळ्यातून हाक मारतो, "चढले!" पुढच्या पाच मिनिटांत वाडीतले पुरुष आणि पोरं कंदील, पूर्वी गॅसबत्ती, आता डोक्याला बांधायची बॅटरी, पाग, कोयता, पिशवी असं हाताला लागेल ते घेऊन व्हाळाकडे. पाणी गुडघ्यापर्यंत, लाल, थंड. दगडाच्या पायरीशी मासा थांबतो, अंग आवळतो आणि उडी मारतो, आणि त्या क्षणी कोणीतरी ओरडतं. खेकडा हाताला चावतो, एखादा घसरून बसकण मारतो, बाकीचे हसतात. रात्री दोनला घरी आलेले मासे साफ करत बसलेल्या बाईच्या वाट्याला या मजेतलं काय येतं ते पुढं बघू. मासे चढतात ते अंडी घालायला. त्या दिवसांत ओंजळीनं मारले तर पुढच्या वर्षी ओंजळ रिकामी राहणार, हे आता गावात म्हटलं जाऊ लागलंय. मात्र चढणीच्या रात्री व्हाळावर उभं राहून ते म्हणणारा अजून मला भेटलेला नाही. मीही म्हटलेलं नाही.

जुलै लावणीचा. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा दर्यावर्दी माणूस जाळी विणतो, होडी शाकारतो आणि दुपारी झोपतो. किनाऱ्यावरच्या पुरुषाला सलग मिळणारी ही एकच विश्रांती. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरात नारळ लढवतात. हातात धरलेल्या नारळावर दुसऱ्यानं आपला नारळ आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला. मग गणपती, रात्रीची भजनं, डबलबारी. दोन बुवा समोरासमोर, एकानं प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं गजरात उत्तर द्यायचं, आणि पहाटे तीनला म्हातारे मांडी ठोकून "वा बुवा!" म्हणतात. हल्ली ती बारी यूट्यूबवर जाते आणि दुसऱ्या दिवशी विरारच्या लोकलमध्ये ऐकली जाते, हे चांगलंच झालं.

दिवाळी सरली, तुळशीची लग्नं लागली की जत्रा. गावोगावच्या देवळात एकेक रात्र, प्रत्येक गावाची ठरलेली. देवळाबाहेर खाज्याचे ढीग, फुग्यांचे गाडे, कुठं जुगाराचा कोपरा. मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार उभा राहतो. आडदशावतारात गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर होऊन जातात आणि मग आख्यान. लिहिलेलं नाटक नाही. कथा ठरलेली, बोलणं ज्यानं त्यानं उभ्या उभ्या बांधायचं. पायपेटी, मृदंग, झांज. राजा तलवार घेऊन बाकड्यावर बसतो तेव्हा त्याचा शब्दांचा साठा किती खोल आहे ते पुढच्या दहा मिनिटांत सगळ्या गावाला कळतं. लुगडं नेसलेला पुरुष इतका हुबेहूब रडतो की माझी आजी शेवटपर्यंत त्याला 'ती' म्हणत होती. पहाटे दहीकाला, आणि लोक सरळ शेतावर. दुसऱ्या दिवशीच्या झोपेला कोणी नाव ठेवत नाही, कारण रात्र देवाची होती.

आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तर तिथीवरही ठरत नाही. देवीचा कौल घेऊन तारीख काढतात आणि मग लाखो चाकरमानी त्या तारखेप्रमाणे रजेचे अर्ज लिहितात. रेल्वे जादा गाड्या सोडते. मुंबईच्या कचेऱ्यांना इथल्या देवीच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावं लागतं, हे बघून मला दरवर्षी गंमत वाटते. महाशिवरात्रीला कुणकेश्वरला गावोगावच्या देवांच्या पालख्या तीर्थस्नानाला येतात. आमच्याकडे देवसुद्धा समुद्रावर जातो तो निमित्तानं.

पण या सगळ्यात मला थक्क करते ती गावपळण. मालवण तालुक्यातलं आचरं हे मोठं, बाजारपेठेचं गाव. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरांना कुलपं, दुकानं बंद, रस्ते सुनसान. वेशीपलीकडे माळावर, झाडांखाली, नदीकाठी राहुट्या उभ्या राहतात. चुली दगडाच्या. रात्री भजनं, फुगड्या, पत्ते, गाणी. डॉक्टर आणि मजूर शेजारी शेजारी झोपतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, आणि देवानं हो म्हटलं की परत. वैभववाडी तालुक्यातल्या शिराळ्यातही अशी प्रथा आहे, आणखीही काही गावांत आहे. कारण विचारलं तर कोणी देवाची आज्ञा म्हणतो, कोणी भुताखेतांची गोष्ट सांगतो, कोणी म्हणतो जमिनीला, पाण्याला, हवेला विसावा.

मी गावपळणीतल्या एका नातेवाइकांच्या राहुटीवर एक रात्र राहिलो होतो. राहुटीतल्या मावशी साठीच्या पुढच्या. रात्री जेवणं झाल्यावर त्या बाहेर पथारी टाकून आडव्या झाल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "घरात आसतय तर ह्या वक्ताक भांडी घासतय आसतय." इथं भांडी चारच होती. घर बंद, झाडायला खळं नाही, गोठा नाही, पाहुणा आला तरी त्याला राहुटीत काय देणार. बाईला घरातून सुट्टी मिळायची तर नुसती बाई बाहेर पडून चालत नाही, सगळं गावच बाहेर पडावं लागतं. जगातल्या कुठल्या सहल कंपनीनं असलं पॅकेज काढलंय?

आता ती मागं ठेवलेली गोष्ट. २०१९ साली देशात वेळेच्या वापराची मोठी सरकारी पाहणी झाली. शंभरातल्या ८१ बायका रोज बिनमोबदल्याचं घरकाम करतात आणि पुरुष २६. करणाऱ्यांपुरतं बघितलं तर बायकांचा वेळ दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाची नऊ. आमच्या भागात यात हंगाम मिळवा. मे महिना, जो सगळ्या महाराष्ट्राचा सुट्टीचा महिना, त्यात इथली बाई आंबे, काजू, कोकमं, सांडगे, पापड आणि चाकरमानी यांच्याखाली दबलेली असते. निवास-न्याहारीच्या घरात तर तिच्या हातचं जेवण हेच विकायचं असतं. जाहिरातीत लिहितात, घरगुती मालवणी जेवण. घरगुती म्हणजे तिनं केलेलं.

तिच्या फिरण्यात अलीकडे बदल झाला तो मात्र खरा, आणि तो एसटीनं केला. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत. बचत गटातल्या आठ-दहा जणी ठरवतात आणि जातात. देवदर्शन हे निमित्त अजूनही लागतं, कारण "फिराक चललंय" म्हणून घराबाहेर पडायची मुभा सासूबाईंच्या पिढीनं स्वतः घेतली नाही, मग दिली कशी असती. अक्कलकोट, पंढरपूर, कोल्हापूरची अंबाबाई. पण कोल्हापूरला अंबाबाईपुढं किती वेळ जातो आणि महाद्वार रोडवर साड्यांच्या दुकानात किती, हे घरी कोणी विचारत नाही. आमच्या शेजारच्या काकी पहिल्यांदा फोंडाघाट चढल्या त्या बासष्टाव्या वर्षी, अर्ध्या तिकिटात. आल्यावर त्यांनी देवीबद्दल एक वाक्य सांगितलं आणि दाजीपूरच्या जंगलातल्या गारव्याबद्दल वीस.

म्हणजे समुद्राकडच्या माणसाची सुट्टी वरच्या अंगाला. हे मी बऱ्याच जणांना विचारून बघितलं. चार पैसे आणि दोन दिवस हातात आले तर कुठं जाल? समुद्र कोणीच म्हटलं नाही. कोल्हापूर, महाबळेश्वर, म्हैसूर, शिर्डी. दाजीपूरचं अभयारण्य नांदगावहून घाट चढला की लगेच. १९५८ मध्ये गव्यांसाठी राखलेलं, राज्यातलं सर्वात जुनं. तरुण पोरं गोव्यात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, एखादा नवा सिनेमा, आणि बाकी जे गोव्यात करतात ते. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पेशंटला सोबत म्हणून गेलेला माणूससुद्धा एक संध्याकाळ पणजीत मांडवीच्या काठावर बसून येतो. मीही बसलोय. आजारपण हे निमित्त म्हणून काही वाईट नाही, पेशंट बरा होणार असेल तर.

जवळपासचं म्हणाल तर पावसाळ्यात सावडावचा धबधबा आमच्या शेजारचाच. पूर्वी तिथं गुरं राखणारी पोरं अंघोळ करायची. आता जुलैच्या रविवारी गाड्या लावायला जागा नसते, आणि सोमवारी बाटल्यांच्या काचा वेचायला पंचायतीचा माणूस लागतो. या काचा सगळ्या बाहेरच्यांच्या नाहीत, हे आपल्यात बोलून टाकलेलं बरं. वैभववाडीतला नापणे बारमाही, त्यावर अलीकडे काचेचा पूल झालाय. आंबोली लांब, आणि पावसाळी रविवारी तिथं धुक्यापेक्षा गाड्यांचा धूर जास्त. मला स्वतःला विचाराल तर धामापूर. १५३० मध्ये नागेश देसायांनी बांधलेला तलाव, काठाला भगवतीचं देऊळ, दोन्ही बाजूंनी माड-पोफळी. पाटबंधाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान दिला. त्यानं तिथली शांतता मोडली नाही हे नशीब. पाणी बघत बसावं, वाळूचा त्रास नाही, कोणी तुम्हाला पाण्यात ढकलायला येत नाही.

समुद्राची ही नावड शहरातल्या माणसाला कळत नाही. ती नावडही नव्हे. ज्याच्या घरातला माणूस रात्री समुद्रात आहे त्याला लाटांचा आवाज ऐकून झोप लागत नाही, एवढंच. किनाऱ्यावर वाढलेली कितीतरी माणसं पोहायला शिकतात ती विहिरीत आणि खाडीत. समुद्रात 'खेळायला' उतरणं त्यांना येडेपणा वाटतो. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघं गेले. प्रत्येक वेळी पाण्यात पहिली उडी घेणारे स्थानिक होते, आणि प्रत्येक वेळी नंतर महिनाभर बंदरावर तीच चर्चा: त्यांना वारा बघता येत नव्हता, पण आपल्याला येत होता ना?

किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं लागलं की दोर ओढायला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो, ही जुनी रीत. आता पर्यटक दोर धरून फोटो काढतात आणि वाटा न घेता जातात, तेव्हा म्हाताऱ्या रापणकारांना कसंनुसं होतं. ओढलं तर घ्यायला हवं. पाण्याखाली जाऊन प्रवाळ बघायचं तर चौघांच्या घराला महिन्याचं वाणसामान होईल एवढा खर्च, म्हणून मालवणात राहून स्कूबा केलेलं स्थानिक कुटुंब मला अजून भेटायचंय. स्कूबा शिकवणारी पोरं मात्र इथलीच, आणि कामाच्या वेळात ती जे बघतात ते बघायला लोक पुण्याहून येतात.

किल्ले आम्ही एकदाच बघतो, शाळेच्या सहलीत. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या घुमटीतला महाराजांच्या हाताचा ठसा, विजयदुर्गाचा तिहेरी तट, डब्यातली पुरीभाजी, परतताना गाडीत उलट्या. विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवून, ग्रहणाच्या वेळी हेलियमचा शोध इथंच लागला असं आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं. १८ ऑगस्ट १८६८ चं सूर्यग्रहण खरं, पण त्याची ती प्रसिद्ध नोंद करणारा जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियरनं आपलं काम इंग्लंडातून केलं. हे मला पन्नाशीत कळलं. थोडं वाईट वाटलं, कारण त्या ओट्यावर बसून मी चिंचा खाल्ल्या होत्या आणि आपण विज्ञानावर बसलोय असं समजत होतो.

रोजच्या संध्याकाळचं काय? इथं गोष्ट लंगडी पडते. सावंतवाडीला मोती तलाव आहे. संध्याकाळी गाव त्याला फेरी मारतं, कट्ट्यावर बसतं, निमित्ताशिवाय. जिल्ह्यात असं ठिकाण मला दुसरं दिसत नाही. कणकवलीत वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठाननं नाटकं आणि गाणं वर्षानुवर्षं जिवंत ठेवलं, मालवणात मामा वरेरकर नाट्यगृह आहे. पण नांदगावसारख्या गावातल्या सोळा वर्षांच्या मुलीनं संध्याकाळी सहाला कुठं जावं? मुलांना भाताचा कापलेला मळा आहे, टेनिस बॉलचे सामने आहेत, रात्री दिव्याखाली स्पर्धा, बक्षिसाला बोकड. मुलीला क्लास आहे आणि मोबाइल. वाचनालयं आहेत, पण ती नेमकी शाळा-कॉलेज सुटतं तेव्हा मिटायला लागतात. पर्यटनाच्या पैशातून किनाऱ्यावर सेल्फी पॉइंट झाले. तिठ्यावर चार बाकडी झाली असती तर आम्हाला जास्त उपयोग होता.

देवबागला माझा मावसभाऊ आहे. एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे त्याचं घर आणि पाहुण्यांच्या दोन खोल्या. गेल्या थंडीत फोन केला, रविवारी येतो म्हटलं, तर म्हणाला, "आयतवारी खंय येतंस? सोमवारी ये." सोमवारी दुपारी पोचलो. खळ्यात दोन माडांना दोरी बांधून चादरी वाळत घातल्या होत्या, मी मोजल्या, अकरा. वहिनी खोलीच्या दारात पाय पसरून बसली होती, टीव्ही लावला होता आणि ती बघत नव्हती. भाऊ घराच्या मागच्या अंगाला खाडीच्या दगडावर. हातात गरी, शेजारी करवंटीत सुंगटं, बादलीत एक शेंगाळा, त्याच्या काट्याला फडकं गुंडाळलेलं.

"तांबोशी गावात काय?" मी विचारलं.

"गावली तर गावली," तो म्हणाला आणि सरकून मला दगडावर जागा करून दिली. मी चपला काढल्या.